जुन्या डेस्कटॉपांपैकी कोणता ठेवायचा?

माळ्यावर तीन-चार जुने डेस्कटॉप साठलेत आणि जागा एकापुरतीच आहे, अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात वेगवान मशिन ठेवतात आणि बाकीची भंगारात देतात. हा हिशेब उलटा आहे. वेगच हवा असेल तर आजचा साधा लॅपटॉप यातल्या कुठल्याही मशिनला सहज मागे टाकतो. जुनं मशिन ठेवायचं ते नव्या मशिनला जे जमत नाही त्यासाठी: आयएसए स्लॉटमध्ये (बोर्डावरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) बसणारं कार्ड, प्रिंटर पोर्टवर लागणारं सॉफ्टवेअरचं लॉक, सव्वापाच इंची फ्लॉपी, डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या प्रणालीतलं) खरं साउंड ब्लास्टर कार्ड. म्हणून आधी काम ठरवा, मग बोर्डाची, म्हणजे मदरबोर्डाची, तब्येत बघा. वेगाचा विचार सगळ्यात शेवटी.

काम कोणतं?

नुसता जुना डेटा हवा असेल तर मशिन ठेवू नका, डेटा काढून घ्या. पतसंस्था, साखर कारखाने, वाचनालयं यांच्याकडे फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम भरपूर होते. त्यांच्या डीबीएफ फायली आज लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. प्रोग्रॅमही चालवून बघायचा असेल तर आधी डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स या एम्युलेटरवर (जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवून पाहा. तिथे चालला तर त्या कामापुरती मशिनची गरज संपली.

एम्युलेटर अडतो तो हार्डवेअरपाशी. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवायचं. ते कार्ड आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम जिवंत ठेवायचा असेल तर आयएसए स्लॉट लागणारच. श्रीलिपी, आकृती या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरांच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांना लॉक लागायचं, म्हणजे २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टवर बसणारा डोंगल, ज्याच्यावाचून सॉफ्टवेअर चालत नाही. यूएसबीला लावायची प्रिंटर-पोर्ट केबल इथे कामाची नाही. ती प्रिंटरला मजकूर पोचवते, पण लॉकची तपासणी करणारं सॉफ्टवेअर पोर्टच्या पत्त्याशी थेट बोलतं आणि तो पत्ता त्या केबलमध्ये नसतो. पेजमेकर ६.५ मध्ये लावलेली जुनी पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, मतदार याद्या हाताळणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी हे एकच कारण मशिन ठेवायला पुरेसं आहे.

तिसरं काम डॉस आणि विंडोज ९८ चे खेळ. चौथं, जुन्या फ्लॉप्या वाचणं. फ्लॉप्या थोड्याच असतील तर त्यासाठी अख्खं मशिन नको. एक चांगला ड्राइव्ह ठेवा आणि ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड घ्या, तो फ्लॉपी ड्राइव्हला यूएसबीतून आजच्या कॉम्प्युटरशी जोडतो.

कोणत्या पिढीचं मशिन?

३८६ आणि ४८६ मशिनं आता दुर्मिळ झाली आहेत, म्हणून मोह होतो. पण नवख्या माणसाने यांच्यापासून सुरुवात करू नये. यात बहुतेक ठिकाणी एटी या जुन्या प्रकारचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असतो, कीबोर्डला पाच पिनांचा मोठा डिन जोड लागतो, माउस सीरियल पोर्टवर चालतो, आणि बऱ्याच बोर्डांवर गळणारी बॅटरी असते. बायोसला (मशिन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) ५०४ एमबीपेक्षा मोठी डिस्क अनेकदा कळत नाही. बोर्ड स्वच्छ असेल आणि तुमचं काम डॉसपुरतंच असेल तर मात्र ४८६ सारखं दुसरं नाही. वेगाला बिचकणारे प्रोग्रॅम त्यावर नीट चालतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम पेंटियम टू आणि पुढच्या मशिनवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. सुरुवातीला मशिनचा वेग मोजणारी जी गणती असते, तिचं उत्तर वेगामुळे दिलेल्या जागेत मावत नाही. त्यावर पॅच मिळतो, पण प्रत्येक प्रोग्रॅमला तो लावता येतोच असं नाही.

पहिला पेंटियम १९९३ चा, एमएमएक्स १९९७ चा. मधल्या काळातली ही मशिनं चांगलीच, पण त्यांचे बोर्ड धड एटी नाहीत आणि धड त्यानंतरच्या एटीएक्स पद्धतीचेही नाहीत, अशा अवस्थेत सापडतात. डिस्कची मर्यादा पुष्कळदा ८.४ जीबी.

आमची पहिली पसंती पेंटियम टू किंवा पेंटियम थ्रीला, आणि त्यातही इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचाच्या) बोर्डाला. हा चिपसेट १९९८ चा. त्या बोर्डावर सहसा एजीपी (डिस्प्ले कार्डाचा), चार-पाच पीसीआय (आयएसएनंतरच्या पद्धतीचे) आणि निदान एक-दोन आयएसए स्लॉट एकत्र मिळतात. प्रिंटर पोर्ट, दोन सीरियल पोर्ट, पीएस/२ कीबोर्ड-माउस आणि यूएसबी असतं. एटीएक्स एसएमपीएस लागतो, जो आजही मिळतो. डॉस, विंडोज ९५, ९८, एनटी, २००० सगळं चालतं. वेग कमी हवा असेल तर बायोसमध्ये कॅशे (प्रोसेसरची वेगवान मेमरी) बंद केला की मशिन कितीतरी हळू होतं. एका मशिनमध्ये दहा-बारा वर्षांचा काळ मावतो तो इथेच.

बीएक्स ओळखायचा कसा? मधल्या मोठ्या चिपवरचा हीटसिंक काढता आला तर खाली ८२४४३बीएक्स असं छापलेलं दिसतं. चिकटलेला असेल तर ओढू नका. मशिन सुरू करून सॉफ्टवेअरमधून बघा, किंवा बोर्डावरचा मॉडेल नंबर शोधा. तो बहुधा पीसीआय स्लॉटांच्या मध्ये छापलेला असतो.

या बोर्डाच्या दोन खोडी माहीत असू द्या. २५६ एमबीची रॅम पट्टी घालायची तर तिच्यावर सोळा चिप असलेली घ्या. आठच चिप असलेली पट्टी या चिपसेटला अर्धीच दिसते किंवा दिसतच नाही. दुसरं, सुरुवातीच्या काही बीएक्स बोर्डांना १.८ व्होल्टच्या खाली जाता येत नाही, त्यामुळे १.६५-१.७ व्होल्टवर चालणारे पुढचे पेंटियम थ्री त्यावर उठत नाहीत. प्रोसेसर बदलायच्या आधी त्यावर छापलेलं व्होल्टेज वाचा.

आपल्याकडे असेंबल केलेल्या मशिनांत ८१० चिपसेटही भरपूर सापडतो. डिस्प्ले बोर्डावरच, एजीपी स्लॉट नाही, रॅम ५१२ एमबीपर्यंत, आयएसए सहसा नाही. लॉकवाल्या डीटीपीसाठी तो पुरतो. खेळ किंवा जिस्ट कार्डासाठी नाही.

पेंटियम फोर २००० च्या नोव्हेंबरात आला. विंडोज एक्सपीसाठी तो उत्तम, पण आयएसए जवळजवळ संपलेलं, उष्णता जास्त, आणि याच काळातल्या बोर्डांवर खराब कपॅसिटरांची साथ आली होती. अनेक बोर्डांना फ्लॉपी ड्राइव्हही एकच लागतो. घरात दुसरं काहीच नसेल आणि काम एक्सपीवर भागत असेल तर जरूर ठेवा.

ब्रँडेड मशिनं मजबूत असतात, पण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. कॉम्पॅकच्या अनेक डेस्कप्रोंमध्ये बायोसचा सेटअप हार्ड डिस्कच्या एका छोट्या भागात असायचा. डिस्क गेली की सेटअपही गेला. १९९८ नंतरच्या काही वर्षांतल्या बऱ्याच डेल मशिनांत एसएमपीएसचा जोड दिसायला एटीएक्ससारखाच, पण तारांचा क्रम वेगळा. त्यात बाजारातला एसएमपीएस लावला तर बोर्ड जळतो.

वीज लावण्याआधी

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि उत्सुकतेपोटी नेमका हाच टाळला जातो. वीस वर्षं पडून राहिलेल्या मशिनची वायर थेट सॉकेटमध्ये घालू नका. पावसाळ्यात माळ्यावरून किंवा कोकणातल्या घरातून काढलेलं असेल तर आधी कोरड्या खोलीत दोन-तीन दिवस उघडं ठेवा. मग या क्रमाने तपासा.

१. कॅबिनेट उघडून वास घ्या आणि टॉर्च मारा. पालीची अंडी, उंदराची घाण, मुंग्यांचं वारूळ एसएमपीएसमध्येही असतं. उंदराचं मूत्र बोर्डावर सांडलं असेल तर तांब्याच्या रेषा खाल्लेल्या दिसतील. तो बोर्ड बाजूला काढा.

२. बॅटरी बघा. नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असेल तर चिंता नाही, तीन व्होल्टचा नवा घाला. कीबोर्डच्या जोडाजवळ निळी किंवा हिरवी पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची बॅटरी दिसली तर ती गळालेली असो वा नसो, आजच कापून काढा. ४८६ पर्यंतचे सगळ्यात जास्त बोर्ड तिनेच मारले आहेत. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून पांढरं व्हिनेगर कानात घालायच्या काडीने लावा, फेस थांबला की डिस्टिल्ड पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दिवसभर वाळवा. लिंबू वापरू नका, त्याचा चिकटा राहतो. हिरवं-निळं बुरशीसारखं कीट स्लॉटांच्या किंवा कीबोर्डच्या चिपच्या पिनांपर्यंत पोचलं असेल तर दुरुस्ती कसबी माणसाचं काम. त्या जागी सीआर२०३२ लावायचा तर मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड हवाच. तो जोड बॅटरीला चार्ज करतो आणि नाण्याचा सेल चार्ज झाला की फुटू शकतो.

३. कपॅसिटर. प्रोसेसरभोवतीचे उभे डबे डोक्याकडून बघा. माथा सपाट हवा. फुगलेला, फाटलेला, तपकिरी राळ आलेला एकही दिसला तरी त्या गटातले सगळे बदलावे लागतात. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांवर हे फार आढळतं. नवा कपॅसिटर लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) आणि १०५ अंशांचाच घ्या. मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितकेच किंवा थोडे जास्त. दुकानात मिळणारा साधा ८५ अंशांचा बसेल, पण थोड्याच महिन्यांत पुन्हा फुगेल.

४. कार्डं आणि रॅम काढून सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस. नुसता रबर मारून पट्टी लगेच परत घातली तर रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो आणि तोच पुढे डिस्प्ले अडवतो.

पेंटियम फोरचा पंखा काढायचा असेल तर ही आणि पुढची एसएमपीएसची तपासणी झाल्यावर मशिन दहा मिनिटं चालवून, बंद करून, वायर काढून मगच. गार असताना ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पंखा डावी-उजवीकडे थोडा फिरवत सोडवा.

एसएमपीएस

मागचा लाल स्विच २३० वर आहे का ते आधी बघा. ११५ वर राहिला असेल तर आपल्या विजेवर आतले मोठे कपॅसिटर आवाज करून फुटतात. एसएमपीएस उघडू नका, बंद केल्यावरही आत धोक्याइतकी वीज राहते.

बोर्डाला जोडण्याआधी एसएमपीएस वेगळा तपासा. एटीएक्समध्ये हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी जोडली की तो सुरू होतो. भार म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क लावा. मल्टीमीटरवर लाल तार ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दाखवायला हवी. याबाहेर असेल तर बदला. नवा एसएमपीएस घेताना डब्यावरच्या वॉटवर जाऊ नका. आजचे एसएमपीएस जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर देतात, आणि पेंटियम थ्रीच्या काळातले बोर्ड मुख्यतः ५ व्होल्टवर ओढतात. लेबलवर ५ व्होल्टसमोर किती ॲम्पिअर आहेत ते वाचा, वीसच्या वर असलेले बरे. आयएसए साउंड कार्ड लावणार असाल तर जोडात पांढरी तार, म्हणजे उणे ५ व्होल्ट, आहे का तेही बघा. नव्या एसएमपीएसमध्ये ती नसते आणि काही कार्डं त्यावाचून मुकी राहतात.

एटी एसएमपीएसच्या दोन सुट्या जोडांवर पी८ आणि पी९ लिहिलेलं असतं. लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी यायला हव्यात. उलटे लावले तर बोर्ड गेला. एटीचा समोरचा बटण-स्विच थेट २३० व्होल्टचा असतो, त्याच्या पिनांवरचं वेष्टण तपासा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष मशिनचा नसून घरातल्या अर्थिंगचा असण्याची शक्यता मोठी. आधी ते नीट करा. प्रिंटर पोर्टचे लॉक अशा गळक्या विजेवर जोडता-काढताना जातात, आणि गेलेलं लॉक आता परत मिळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

हार्ड डिस्क काढून ठेवा. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम पट्टी, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर एवढंच लावा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक आखूड बीप म्हणजे ठीक. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. थांबून थांबून लांब बीप चालूच राहिला तर रॅम. एएमआय बायोसचे संकेत वेगळे आहेत. बीपही नाही, डिस्प्लेही नाही, अशा वेळी पीसीआयचं पोस्ट कार्ड, म्हणजे स्लॉटमध्ये लावायचं तपासणी कार्ड, कामी येतं. त्यावर दोन अंक येतात. अवॉर्डवर सी१ वर थांबलं तर रॅम, सुरुवातीपासून एफएफ किंवा ०० दाखवत राहिलं तर प्रोसेसर किंवा बोर्डच सुरू झालेला नाही.

डिस्प्ले आला की मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती फ्लॉपीवर घालून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवणारी रॅम ठेवू नका. विंडोज ९८ साठी २५६ एमबी भरपूर आहे. ५१२ च्या वर गेलात तर तो डिस्कच्या कॅशेसाठी इतकी मेमरी राखतो की उलट मेमरी अपुरी असल्याची तक्रार करतो.

हार्ड डिस्क

जुनी डिस्क बूट करून 'बघू काय आहे' हे करू नका. ती किती तास जगेल सांगता येत नाही, आणि विंडोज प्रत्येक वेळी तिच्यावर लिहितो. आधी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्या. डिस्क यूएसबी-आयडीई ॲडॉप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कचा जोड) लिनक्स मशिनला लावून जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चालवा. तो चांगला भाग आधी उतरवतो, खराब भागाकडे नंतर वळतो. एलबीए (सेक्टरांना क्रमांक द्यायची पद्धत) नसलेल्या फार जुन्या डिस्का यूएसबी ॲडॉप्टरला दिसत नाहीत. त्या खऱ्या आयडीई पोर्टवरच लावाव्या लागतात. प्रतिमा सेक्टर-सेक्टरचीच घ्या. काही प्रोग्रॅम आपली परवान्याची खूण डिस्कवर ठरावीक जागी लपवत, नुसत्या फायली उतरवल्या तर ती येत नाही. विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्सचा फोल्डर वेगळाही जपा. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधला मजकूर त्या-त्या फॉन्टच्या सांकेतिक मांडणीत असतो, फॉन्ट हरवला तर पानं रोमन अक्षरांची जाळी होऊन बसतात. मशिन चालू असेपर्यंत महत्त्वाची पानं पोस्टस्क्रिप्ट फायलीत छापून घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ करून ठेवा.

रोजच्या वापराला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॉप्टर लावा. ४ किंवा ८ जीबी पुरे. डॉस ६.२२ ला २ जीबीपेक्षा मोठं पार्टिशन करता येत नाही हे लक्षात ठेवून भाग पाडा. १९९९ च्या आधीचा अवॉर्ड बायोस ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क लावली की ओळखतानाच अडकतो. तेव्हा मोठ्या डिस्कचा हट्ट नको.

लॉक

प्रतिमा कार्डावर उतरवली आणि मशिन उठलं, पण सॉफ्टवेअर 'लॉक सापडत नाही' म्हणालं, तर बायोसमध्ये प्रिंटर पोर्ट ३७८ या पत्त्यावर आहे का बघा आणि मोड एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे आळीपाळीने बदलून पाहा. लॉकच्या मागे प्रिंटर जोडलेला असेल तर तो चालू करा किंवा केबल काढा. बंद प्रिंटर लॉकचे संकेत ओढून घेतो. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीवर सेंटिनेल किंवा हास्प या लॉकांचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, ९८ वरही अनेकदा.

बाकीच्या मशिनांमधून काय काढून ठेवायचं

एक मशिन ठरलं की उरलेल्यांतून हे काढा: चालू एसएमपीएस, रॅम पट्ट्या, आयएसए साउंड आणि नेटवर्क कार्डं, एजीपी आणि पीसीआय डिस्प्ले कार्ड प्रत्येकी एक, दोन्ही प्रकारचे (सव्वापाच आणि साडेतीन इंची) फ्लॉपी ड्राइव्ह, ८० तारांची आयडीई केबल, फ्लॉपी केबल, कॅबिनेटचे स्क्रू आणि स्लॉटच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या. साउंड कार्ड साउंड ब्लास्टर किंवा ईएसएस ऑडिओड्राइव्हचं असेल तर आधी तेच उचला. सीआरटी मॉनिटर ठेवायची जागा नसेल तर चौकोनी, १०२४×७६८ चा, व्हीजीए जोडाचा पंधरा इंची एलसीडी ठेवा. त्यावर डॉसची अक्षरं रुंद ताणली जात नाहीत. सीआरटी कधीही उघडू नका. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि मग तो ड्राइव्ह पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतो.

निवडलेलं मशिन प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, ओल आत अडकते. सुती कापड, जमिनीपासून थोडं वर, कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तासभर चालवा. लॉक मात्र मशिनला लावून न ठेवता वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर कोणत्या सॉफ्टवेअरचं, कोणत्या आवृत्तीचं ते लिहा. मशिनचा बोर्ड, चिपसेट, जंपरांच्या जागा आणि बायोसमधल्या डिस्कच्या नोंदी कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. सेल संपला की त्या नोंदी बायोस विसरतो.

उरलेले बोर्ड आणि मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नका. तारा जाळून आणि बोर्ड आम्लात बुडवून धातू काढले जातात, आणि सीआरटीच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. हार्ड डिस्क देण्याआधी तिची प्रतिमा दोन ठिकाणी उतरली आहे आणि दोन्हीकडून फायली उघडतात, एवढं तपासा.